ऊसतोड मजुरांच्या मुलांचे वर्गात स्वागत व्हावे यासाठी सहभागी नाटक कसे बसवावे?

प्रश्न : प्राथमिक शिक्षिका, कोल्हापूर जिल्हा

नमस्कार. आमची शाळा साखर कारखान्याजवळ आहे. गळीत हंगाम सुरू झाला की बीड, जालना, परभणीकडून आलेल्या ऊसतोड कुटुंबांची काही मुले आमच्याकडे येतात आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की परीक्षेच्या तोंडावरच निघून जातात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यामुळे दाखला नसला तरी त्यांचा प्रवेश अडत नाही. मात्र पटावर नाव आले तरी मधल्या सुट्टीत ती मुले भिंतीला टेकून एकटीच उभी असतात. गावातील मुले भांडत नाहीत, पण नव्या मुलांच्या बोलण्यातील हेलाला हसतात, डबा खाताना थोडे सरकून बसतात. याविषयी परिपाठात अनेकदा सांगून झाले, तरी फरक पडलेला नाही. पाहणाऱ्या मुलांनाही उठून भाग घेता येईल असे नाटक करावे, असे मनात आहे. त्याची सुरुवात कशी करावी? आलेल्या मुलांनाच स्वतःच्या आयुष्यावरचे प्रसंग करायला सांगावेत का?

उत्तर १ : नाट्यप्रशिक्षक, पुणे

आपण म्हणता त्या प्रकाराला फोरम थिएटर म्हणतात. ब्राझीलचे ऑगस्टो बोआल यांनी १९७० च्या दशकात ते घडवले आणि आपल्याकडे १९८५ मध्ये स्थापन झालेली पश्चिम बंगालमधील ‘जन संस्कृती’ ही संस्था ते गावोगावी करत आली आहे. वाईट शेवट होणारा एक छोटा प्रसंग आधी पूर्ण दाखवतात. तोच पुन्हा सुरू झाला की प्रेक्षकांपैकी कोणीही ‘थांबा’ म्हणून एका पात्राची जागा घेतो आणि वेगळे वागून पाहतो. मोहन आगाशे यांनी बर्लिनहून १९८६ मध्ये मराठीत आणलेली ग्रिप्स नाटके मुलांचे खरे प्रश्न मांडतात, पण त्यांत मूल प्रेक्षकच राहते. इथे ते रंगमंचावर येते.

बोआल यांच्या मूळ पद्धतीत ज्याच्यावर अन्याय होतो त्याचीच जागा घ्यायची असते. आपल्या वर्गात मात्र मी हा नियम बदलेन, कारण गावातील मुले नव्या मुलीची जागा घेऊन ‘तिने धीटपणे बोलावे’ असे सुचवू लागली, तर स्वागताचे ओझे जी परकी आहे तिच्याच डोक्यावर पडेल. म्हणून बदलायचे पात्र तिसरे ठेवावे : जे सगळे पाहते, ज्याला वाईटही वाटते, पण जे गप्प राहते.

प्रसंग अगदी साधा घ्यावा. लंगडीचे दोन गट पडले आहेत, नवी मुलगी जवळ येते, गटनायक म्हणतो, ‘आमचे भिडू पुरे झाले.’ आता तिसऱ्याच्या जागी येणारा कोणी म्हणेल, ‘माझ्याऐवजी तिला घ्या’. कोणी म्हणेल, ‘दोन्हीकडे एकेक भिडू वाढवू, आणखी एकाला बोलवा.’ सूत्रधाराने, म्हणजे आपण, शाबासकी देण्याची घाई करू नये. ‘उद्या मधल्या सुट्टीत गटनायक ऐकेल का? चिडला तर काय कराल?’ असे विचारत राहावे. ‘मग सगळे मित्र झाले’ असा शेवट कोणी केला, तर तो कसा घडला ते करून दाखवायला सांगावे.

उत्तर २ : शिक्षक, बीड जिल्हा

आपल्याकडे येतात ती मुले आमच्या वर्गातून उठून जातात, म्हणून कळकळीने लिहितो. ताई, त्यांना स्वतःचे आयुष्य नाटकात मांडायला कृपया सांगू नका. मुकादमाकडून घेतलेली उचल, पाचटाची खोपी, आईबापांचे पहाटेपूर्वी फडात जाणे या गोष्टी घरातल्या आहेत, आणि वर्गासमोर त्या उघड्या पडल्या की मुलाच्या वाट्याला कीव येते. नाटकातील कुटुंब वीटभट्टीवर किंवा मासेमारीच्या बंदरावर आलेले दाखवा. त्या आडोशाने मूल स्वतःहून काही बोलले तर ऐकावे, न बोलले तर विचारू नये.

दुसरा प्रसंग मी सुचवतो. आईबाप वीटभट्टीवर कामाला असल्यामुळे मोठी बहीण धाकट्या भावाला कडेवर घेऊन शाळेत येते. वर्गात कुजबुज होते, कोणी नाक धरते, भाऊ रडू लागतो आणि ती दप्तर उचलून निघते. तिला कोणी, कुठे आणि काय बोलून थांबवायचे? त्या चिमुकल्याला कुठे बसवायचे, त्याला खडू-पाटी कोण देणार, यावर मुले मोठ्यांपेक्षा बरे उपाय काढतात. मात्र त्यांनी काढलेला उपाय शाळेने मान्य करायला हवा, म्हणून मुख्याध्यापकांना प्रयोगाला जरूर बसवा.

उत्तर ३ : निवृत्त केंद्रप्रमुख, सातारा जिल्हा

वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे. माझी सूचना वेळेविषयी आहे. पहिला प्रयोग दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच, टोळ्या नुकत्याच येऊ लागलेल्या असताना, फक्त गावातील मुलांसोबत करावा, म्हणजे कोणाकडेही बोट दाखवले जाणार नाही. फेब्रुवारीत तोच प्रसंग पुन्हा घ्यावा आणि तोवर रुळलेल्या मुलांपैकी ज्याला स्वतःहून हवे असेल त्याला सूत्रधार करावे, कारण प्रश्न विचारण्याचा अधिकार त्याच्याकडे आला की वर्ग त्याच्याकडे वेगळ्या नजरेने पाहू लागतो. पाहुणे अधिकारी बोलावून याचा कार्यक्रम मात्र करू नये.

प्रश्नकर्त्या शिक्षिका

सर्वांचे मनःपूर्वक आभार. धाकट्या भावाचा प्रसंग आमच्याकडे खरोखर घडतो, म्हणून सुरुवात लंगडीपासून करून तो दुसऱ्या आठवड्यात घेईन. बालवाडीची खोली अशा भावंडांसाठी उघडी ठेवता येईल का, हे मुख्याध्यापकांना उद्याच विचारते.