खत, बियाणे आणि तणनाशक एकाच फेरीत न्यावे का? पिकअप चालवणाऱ्यांनी मार्गदर्शन करावे

प्रश्न (दिग्रस, जि. यवतमाळ)

पेरणीचे दिवस जवळ आले असून या हंगामापासून मी एका कृषी सेवा केंद्राचा माल माझ्या पिकअपमधून खेड्यांवर पोहोचवण्याचे काम घेतले आहे. आजवर भाजीपाला आणि किराणा वाहिला; खताची वाहतूक मला नवीन आहे. केंद्रचालकांचे म्हणणे असे की, डिझेल परवडायचे असेल तर एका दिशेच्या सर्व गावांचा माल, म्हणजे डीएपी व युरिया ही खते, सोयाबीन व कपाशीचे बियाणे, तणनाशकाचे खोके आणि कुणी जनावरांसाठी मागवली असेल तर सरकी ढेप, एकाच फेरीत न्यावा. असा माल एकत्र भरणे योग्य आहे का, आणि अनुभवी चालक दिवसाची आखणी कशी करतात, हे कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर 1 (पिकअपचालक, पुसद)

भाऊ, ढेप आणि तणनाशक एका हौद्यात घेऊ नका, मग मालक काहीही म्हणोत. एखादा डबा झाकणापाशी पाझरला आणि ढेपेचे पोते ओले झाले, तर ती ढेप जनावराच्या पुढ्यात जाते आणि संध्याकाळपर्यंत कुणाला पत्ताही लागत नाही. कीटकनाशकांच्या 1971 च्या नियमांनुसारही ही औषधे अन्नधान्य किंवा पशुखाद्य यांच्या प्रत्यक्ष संपर्कात येतील अशी वाहतूक करता येत नाही, आणि तणनाशके त्याच कायद्याखाली येतात. ढेपेसाठी वेगळी फेरी मागा. ती पेरणी आटोपल्यावरही होऊ शकते.

भरण्याचा क्रम गावांच्या उलट असावा, म्हणजे शेवटच्या गावाचा माल आत आणि पहिल्या गावाचा फाळक्याजवळ. खताच्या बॅगा तळाशी येतात, परंतु हौद्याचा पत्रा ओला असल्यास आधी कोरडी ताडपत्री अंथरावी, कारण युरिया ओल धरतो आणि त्याचे गठ्ठे बांधले की शेतकरी ती बॅग परत देतो. हमालांना बॅगेला लोखंडी आकडा लावू देऊ नका. शिवणीपाशी फाटलेली बॅग वाटेत निम्मी सांडते आणि भरपाई भाड्यातून कापली जाते. तणनाशकाचे खोके उभेच ठेवून मागच्या कोपऱ्यात, बियाण्यापासून दूर बांधावेत. टू-फोर-डी हे तणनाशक असल्यास विशेष जपावे, कारण कपाशीला त्याच्या वाफेनेही इजा होते. केबिनमध्ये औषध कधीही घेऊ नये. डबा फुटलाच तर पाणी ओतून धुऊ नका, हातमोजे घालून कोरडी माती टाका, ती शोषली की सगळे वेगळे भरून घ्या आणि दुकानदाराला तिथूनच फोन करा.

वजनाचा हिशेबही पक्का असावा. युरियाची बॅग 45 किलोची आणि डीएपीची 50 किलोची असते. दीड टन क्षमतेच्या गाडीत डीएपीच्या 30 बॅगा बसतात, तर युरियाच्या 33. दुकानात मात्र 'चाळीस टाका' असे सहज म्हटले जाते, आणि ओव्हरलोडचा दंड गाडीवाल्याच्या नावाने निघतो. तुमच्या आरसी बुकातील आकडा त्यांना दाखवून ठेवा.

उत्तर 2 (कृषी सेवा केंद्रचालक, उमरखेड)

वरील सर्व मुद्दे योग्य आहेत. माझ्या बाजूने कागदपत्रांविषयी लिहितो. अनुदानित खताची विक्री पॉस यंत्रावर (दुकानातील विक्री नोंदवण्याच्या यंत्रावर) अंगठा घेऊन, शेतकऱ्याचा आधार पडताळून नोंदवावी लागते, आणि कंपनीला मिळणारे अनुदान त्या नोंदीवरच अवलंबून असते. म्हणून ज्याचा अंगठा झालेला नाही अशा शेतकऱ्याचे खत 'आधी नेऊन टाका, अंगठा नंतर घेऊ' म्हणून गाडीत चढवू नये. वाटेत तपासणी झाली तर विनाबिलाचे खत चालकाच्या ताब्यात सापडते आणि उत्तर त्यालाच द्यावे लागते. प्रत्येक बिलाची प्रत सोबत ठेवा, उतरवून झाल्यावर त्यावर सही घ्या, आणि बियाण्याच्या बिलावर लॉट क्रमांक आहे की नाही हे दुकानातून निघण्यापूर्वीच पाहा.

उत्तर 3 (शेतकरी, दारव्हा)

मी चालक नाही. माल घेणाऱ्याच्या बाजूने सोयाबीनबद्दल कळकळीने लिहीत आहे. सोयाबीनच्या दाण्याचे आवरण फार पातळ असते आणि अंकुर त्या आवरणाच्या लगेच आत असतो. बॅग हौद्यातून खाली फेकली की दाणा बाहेरून शाबूत दिसतो, पण आतून दुखावतो. उगवणशक्तीचे किमान प्रमाण 70 टक्के आहे; दुकानातून त्या प्रमाणात बसणारे बियाणे निघाले तरी आदळआपट आणि उन्हात तापलेल्या ताडपत्रीखालचे दोन-तीन तास त्याला पुरेसे नुकसान करतात. पुढे शेतात पिकाच्या ओळीच्या ओळी विरळ राहिल्या की आम्ही कंपनीवर चिडतो, कंपनी जमिनीकडे बोट दाखवते, आणि गाडीचा विषयही निघत नाही. दुबार पेरणीचा खर्च ज्याने सोसला आहे त्यालाच हे दुखणे कळते. म्हणून सोयाबीन सर्वांत वर ठेवा, त्यावर काहीही रचू नका, दोघांनी हातोहात उतरवा, आणि बियाण्याचा माल सकाळच्या गारव्यातच पोहोचवा.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. ढेप वेगळी नेण्याविषयी आजच बोलतो. एक शंका राहते: 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका असे कृषी विभाग सांगतो, आणि तेवढा पाऊस झाला की सर्वांना एकाच दिवशी माल शेतात हवा असतो. अशा वेळी शेतात जाणाऱ्या कच्च्या पांदण रस्त्याने गाडी न्यावी का?

उत्तर 1 (पिकअपचालक, पुसद)

नेऊ नये. काळ्या मातीत भरलेली पिकअप एकदा बसली की ट्रॅक्टर मिळेपर्यंत उरलेल्या गावांचा माल अडकतो, आणि त्या शेतकऱ्यांची वाफसा (पेरणीजोगी ओल) असलेली वेळ निघून जाते. पाऊस येण्याआधीच, रस्ते कोरडे असताना, खत गावात पोहोचवून ठेवण्यास केंद्रचालकांना सांगा. बियाणे हलके असल्याने ते पावसानंतरही डांबरी रस्त्यावरून नेता येते. माल गावातील पारापर्यंत किंवा घरापर्यंत उतरवला जाईल, तिथून शेतापर्यंत शेतकऱ्याने बैलगाडीने न्यावा, आणि उतरवण्याची हमाली कोणाकडे राहील, हे भाडे ठरवतानाच तिघांच्या समक्ष बोलून घ्या.