शब्दचर्चा: ‘व्यसनी’, ‘मुक्त’ आणि ‘ओव्हरडोस’

कोल्हापुरात आमच्या पेठेतल्या तालमीच्या माडीवर दर रविवारी बैठक भरते. दारू, गोळ्या, खोकल्याचं औषध, ब्राऊन शुगर, ज्याला जे लागलंय ते सोडू बघणारे आठ-दहा जण आणि त्यांच्या घरचे येतात. परवा दाराशी लावायचा फलक लिहायला घेतला. ‘व्यसनी व्यक्तींसाठी’ एवढं लिहून झालं तोवर एका पोराची आई म्हणाली, “दादा, व्यसनी नको लिहू. त्या पाटीखालनं वर यायचं म्हटलं तर माझं पोरगं पायरीवरनंच माघारी फिरंल.” पुसून टाकलं. आता काय लिहू? ‘ओव्हरडोस’लाही मराठी शब्द हवाय.

*

संस्कृतात ‘व्यसन’ म्हणजे संकट, आपत्ती असाही अर्थ आहे. त्या हिशेबानं व्यसनी म्हणजे संकटात सापडलेला. पण बोलण्यात ती आता शिवीच झालीय, माउलीचं बरोबर आहे. आपल्याकडचा ‘नाद’ बघा. ‘नादखुळा’ म्हणून पाठ थोपटायची आणि ‘नादाला लागला’ म्हणून तोंड फिरवायचं. त्यापेक्षा तुम्ही वर लिहिलंय तेच चांगलं, ‘लागलंय’. आजार लागावा तसं.

‘अमली’ हा शब्द अरबी ‘अमल’वरून आला. ‘अंमल’ म्हणजे सत्ता, तोही तिथलाच. ज्यानं सोडलंय त्याला हे नातं समजावून सांगावं लागत नाही.

*

मी परिचारिका आहे. ‘अतिमात्रा’ छापायला ठीक आहे, पण १०८ ला फोन लावाल तेव्हा ओव्हरडोसच म्हणा आणि काय घेतलंय ते सांगा. शब्द शोधत बसायची ती वेळ नव्हे.

मला खरी भीती वाटते ती ‘चढलीय, झोपू दे’ या वाक्याची. अफूच्या जातीचं काहीही, म्हणजे ब्राऊन शुगर, ट्रॅमाडॉल, कोडीन, जास्त झालं की मेंदू श्वास घ्यायचा इशारा देणंच कमी करतो. ओठ निळसर पडतात, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, घशातून घरघर येते. घरच्यांना वाटतं, गाढ झोपलाय, घोरतोय. हाक मारून, छातीच्या हाडावर मूठ घासूनही उठला नाही तर ती झोप नव्हे. १०८ लावा आणि श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा. थांबत आला असेल तर तोंडानं श्वास द्या. नॅलॉक्सोन हे त्यावरचं औषध आहे. अमेरिकेत २०२३ पासून त्याचा नाकात मारायचा फवारा चिठ्ठीशिवाय मिळतो, आपल्याकडं ते रुग्णालयात इंजेक्शनातून देतात. त्याचा असर अर्ध्या ते दीड तासात ओसरतो आणि माणूस पुन्हा बुडू शकतो, म्हणून शुद्धीवर आला तरी घरी न्यायचा नाही.

*

‘मुक्त’ या शब्दाबद्दल मला बोलायचंय. मी केंद्रातनं बाहेर आलो तेव्हा घरच्यांनी हार घातला, पेढे वाटले. ‘व्यसनमुक्त झाला’ म्हणून गल्लीभर सांगितलं. मुक्त झालेल्याला कोण कशाला विचारतंय? तिसऱ्या आठवड्यात तलफ आली आणि मी जुन्या मापानंच घेतलं. अंगाची सवय मोडलेली, ते माप झेपलं नाही. भावानं दार फोडलं म्हणून आज लिहितोय. केंद्रातनं किंवा तुरुंगातनं सुटल्यावरचे पहिले काही आठवडेच सगळ्यात धोक्याचे असतात, हे मला नंतर कळलं. मुक्त म्हटलं की संपलं असं वाटतं. मला कुणी विचारलं तर मी सांगतो, ‘सावरतोय’. सहा वर्षं झाली, अजून तेच सांगतो.

*

सगळ्यांचे आभार. फलक असा रंगवायला दिलाय:

‘सोडायचंय, सावरायचंय, त्यांच्यासाठी. घरच्यांनीही यावं. रविवारी संध्याकाळी ६, तालमीच्या माडीवर.’

खाली लाल अक्षरात: ‘हाक मारून उठेना, श्वास मंदावला? झोपू देऊ नका. १०८.’

एक शब्द अजून अडलाय. ‘रिलॅप्स’ला कुणी ‘परत सुरू केली’ म्हणतात, बैठकीतले ‘घसरलो’ म्हणतात. मला ‘घसरलो’ जवळचा वाटतो. घसरलेल्याला हात देता येतो. तुमच्याकडं काय म्हणतात?