सोसलं की पोरं कणखर होतात, हे म्हणणं आता पुरे

माजलगावकर:
दिवाळी झाली की आमच्या भागातली घरं रिकामी होतात. आईबाप ऊसतोडीच्या टोळीबरोबर साखर कारखान्यावर जातात, ते पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळपाचा हंगाम संपेपर्यंत. नववी-दहावीची पोरं आजीजवळ नाहीतर एकटी मागं राहतात. त्यांना शिकवतो. हिवाळ्यात पोटदुखी, डोकेदुखी, झोप न लागणं सुरू होतं. डॉक्टरांना काही सापडत नाही, मग गाव म्हणतं, नाटकं आहेत. नाटकं नाहीत, धास्ती आहे.

१९९८ मध्ये अमेरिकेतल्या सॅन दिएगो शहरातल्या हजारो प्रौढांच्या बालपणाबद्दल व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा या डॉक्टरांचा अभ्यास आला. मारहाण, अत्याचार, घरातलं व्यसन असे अनुभव जितके जास्त, तितकं पुढे नैराश्य, व्यसन, हृदयविकार जास्त. सोसून माणूस घडतो, असं त्यात कुठेही दिसत नाही.

मग तारतं काय? हवाईतल्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या मानसशास्त्रज्ञांनी अनेक दशकं मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणं, आईबापाचे आजार अशा ओझ्याखाली वाढलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं चांगली उभी राहिली. त्यांच्या आयुष्यात भरवशाचं निदान एक मोठं माणूस होतं. आजी, मावशी, शिक्षक, कुणीही. प्रत्येक शाळेत असं माणूस पगार देऊन नेमा, एवढंच माझं म्हणणं.

कोयत्याचं_पोरगं:
सर, मी त्याच घरातला. आईबाप उसाच्या फडात, मी आजीजवळ. आज नोकरीत आहे. कुणी 'बिचारं' म्हणून गोंजारलं असतं तर इथवर आलो नसतो. पोट दुखलं की घरी पाठवा, परीक्षा बुडाली तरी चालेल म्हणा, यानं पोरगं अजून घाबरतं.

रानजाई:
शेवटचं वाक्य खरं आहे. टाळत गेलं की भीती वाढते, म्हणून समुपदेशकही थोडं थोडं सामोरं जायला शिकवतात. पण दादा, तुम्हाला आजी होती. तुमच्या वर्गातली जी पोरं शाळा सोडून फडात गेली, ज्या मुलींची अठराच्या आत लग्नं लागली, त्या इथं लिहायला नाहीत.

निवृत्त_गुरुजी:
त्यासाठी नवं पद कशाला? वर्गशिक्षकालाच प्रशिक्षण द्या. मूल त्याच्या ओळखीचं असतं.

माजलगावकर:
गुरुजी, तेही करून पाहिलंय. गोव्यातल्या संगाथ संस्थेनं बिहारच्या नालंदा जिल्ह्यात मुलांच्या आरोग्याचा एकच कार्यक्रम काही शाळांत शिक्षकांकडून, तर काही शाळांत वेगळ्या नेमलेल्या साध्या समुपदेशकाकडून राबवला. २०१८ मध्ये निष्कर्ष आले. समुपदेशकाच्या शाळांत वातावरण सुधारलं, नैराश्याची लक्षणं आणि दादागिरी कमी झाली. शिक्षकांच्या शाळांत तसा फरक पडला नाही. ज्याच्या हातात छडी आणि गुण दोन्ही, त्याच्याजवळ मूल मोकळं होत नाही, असं मला वाटतं.

हिशेबी:
सगळे इलाज पोरावरच का? मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटत नाही म्हणून आईबाप दरसाल जातात. सॅन दिएगोच्या अभ्यासातल्या वाईट अनुभवांच्या यादीत स्थलांतर नाही, कर्ज नाही, कारण प्रश्न विमा असलेल्या माणसांना विचारले होते. गावात काम द्या, आई घरी राहील. नाहीतर एक माणूस नेमून शासन हात झटकेल.

रानजाई:
यादीबद्दल पटलं. यादीतले किती अनुभव आले, त्या बेरजेवरून एकेका मुलाचं भाकीत करू नका, असं खुद्द अँडांनीच २०२० मध्ये बजावलंय. शाळेत मुलांकडून तसा फॉर्म भरून घेऊन ती बेरीज काढायला माझाही विरोध. पण उचल फिटेपर्यंत आत्ताची नववी थांबणार नाही. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ मोफत आहे, मराठीतून बोलता येतं. घरात मारहाण असेल तर मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८.

कोयत्याचं_पोरगं:
ताई, नंबर चांगले. पण घरातला एकुलता फोन बापाबरोबर फडात असतो. आजीचं मात्र मान्य करतो. ती नसती तर मीही टोळीत असतो. सर, ज्यांना आजी नाही, ती पोरं रात्री कुठं झोपतात?

माजलगावकर:
हंगामी वसतिगृहात आमच्याकडे जेवण मिळतं. झोपायला ती आपापल्या घरी जातात. काही घरांत थोरली बहीण चौदाची, धाकटा नऊचा, तिसरं कुणी नाही. म्हणून आता दिवसाच्या समुपदेशकाआधी मी शासनाकडे अर्ज करून मुक्कामाला थांबणारी बाई मागतोय. हिशेबी, तुमची रोजगाराची मागणी त्याच अर्जात लिहू. मसुदा इथंच टाकतो, दुरुस्त्या सुचवा.