मदत हवी आहे: पिठाचं माप मुलांना कसं शिकवावं?

५-६ वर्षांच्या मुलांना पीठ मळता मळता मापं शिकवायची आहेत. पाव कपाने चार वेळा पाणी ओतलं की एक कप भरतो, हे चटकन पटतं. पिठाशी मात्र गणित फसतं. कुणी कप डब्यात खुपसून दाबून भरतं, कुणी चमच्याने भुरभुरत. कप तोच, पीठ कमी-जास्त. मग पाणी तेवढंच घालूनही एक गोळा हाताला चिकटतो, दुसऱ्याला भेगा पडतात. सुरीच्या पाठीने कप सपाट करायला दाखवलं, तरी आधी दाबणं काही सुटत नाही (मजा त्यातच असते म्हणा!). दोन्ही कप आधी दोन पारड्यांच्या तराजूत ठेवून फरक दाखवावा, की सरळ ग्रॅमवर यावं? तीन आकडी संख्या न वाचता येणाऱ्यांना वजनकाटा कसा समजावता?