मदत हवी आहे: नणंदेचा मॅमोग्राम नॉर्मल, पण पत्रात ‘डेन्स’ लिहिलंय. पुढे काय विचारायचं?

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, आज विचारायची वेळ आली. जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

मी मूळची सांगलीची, गेली १६ वर्षं अटलांटात. नवरा इथलाच, कृष्णवर्णीय. त्याची थोरली बहीण ४४ वर्षांची. मी तिला गमतीनं ‘वन्सं’ म्हणते आणि ती ओ देते! गेल्या महिन्यात तिचा मॅमोग्राम (स्तनांचा एक्स-रे) झाला. आलेलं पत्र तिनं फ्रिजवर किराणाच्या यादीशेजारी लावून ठेवलंय. वर लिहिलंय, संशयास्पद काही नाही, पुढच्या वर्षी या. खाली लिहिलंय, तुमचे स्तन डेन्स (म्हणजे चरबी कमी, दाट ऊती जास्त) आहेत, त्यामुळे मॅमोग्राममध्ये कॅन्सर शोधणं अवघड जातं आणि तो होण्याचा धोकाही वाढतो. म्हणजे सगळं ठीक आहे, पण सगळं दिसलंच असेल असं नाही. आता माणसानं यातलं काय धरायचं?

हे खालचं वाक्य सप्टेंबर २०२४ पासून देशभर प्रत्येक मॅमोग्राम सेंटरला कळवावंच लागतं, एवढं मला माहीत आहे. कारण तसंच पत्र मलाही आलं होतं. माझ्या डॉक्टरांनी मी काही विचारायच्या आतच अल्ट्रासाउंड लिहून दिला. वन्संच्या डॉक्टरांनी मात्र “निम्म्या बायकांचं असंच असतं” म्हणून वाटेला लावलं. दवाखाने वेगळे, विमा वेगळा, त्यामुळे लगेच रंगाचा विषय काढत नाही. पण मनातून जातही नाही.

त्यात सासूबाईंची धाकटी बहीण ४६व्या वर्षी ब्रेस्ट कॅन्सरनं गेली. ट्रिपल निगेटिव्ह नावाचा प्रकार होता. घरात हा विषय निघाला की सासूबाई उठून भांडी घासायला लागतात. वन्संनी डॉक्टरांना मावशीबद्दल सांगितलं, तर त्यांनी कॉम्प्युटरवर गेल मॉडेल (धोका मोजायचं कॅल्क्युलेटर) भरून “धोका सरासरीइतकाच” असं सांगितलं.

तर प्रश्न असे: अल्ट्रासाउंड मागायचा की एमआरआय? आणि डॉक्टर नाही म्हणाले तर नेमकं काय म्हणायचं?

शेखर_पुणे: माझ्या वाचनात असं आलंय की कृष्णवर्णीय बायकांत ब्रेस्ट कॅन्सरचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा कमी असतं. उगाच घाबरू नका.

धागाकर्ती: शेखरदादा, अर्धंच वाचलंत. होण्याचं प्रमाण जवळपास ५ टक्के कमी, पण त्यानं मरण्याचं प्रमाण ३८ टक्के जास्त! ट्रिपल निगेटिव्हही त्यांच्यात साधारण दुपटीनं आढळतो. तो भराभर वाढतो, हार्मोनच्या गोळ्यांना दाद देत नाही. शिवाय निदान झाल्यावर उपचार सुरू व्हायलाही त्यांना जास्त दिवस लागतात. घाबरलेली नाहीये, चिडलेली आहे.

प्राजक्ता_न्यूजर्सी: अगं, मी १२ वर्षं मॅमोग्राफीचं काम करते, रोज हीच पत्रं. आधी एक कर. पत्रात नुसतं ‘डेन्स’ असतं, पण रेडिओलॉजिस्टच्या मूळ रिपोर्टमध्ये ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर असतं. सी आणि डी म्हणजे डेन्स. त्या दोन्हींत फरक आहे, म्हणून अक्षर माहीत हवं. सीमध्ये साधारण ४० टक्के बायका येतात, डीमध्ये १०. नेदरलँड्समध्ये हजारो बायकांवर अभ्यास झाला, २०१९मध्ये छापून आला. नॉर्मल मॅमोग्रामनंतर एमआरआय सुचवलेल्या गटात, दोन तपासण्यांच्या मधल्या काळात निघणारे कॅन्सर हजारी ५ वरून २.५ वर आले. पण त्या सगळ्या डीवाल्या होत्या. अल्ट्रासाउंड स्वस्त, पण त्यात नको त्या गाठी दिसतात आणि विनाकारण बायोप्सी होतात. सरसकट सगळ्या डेन्स बायकांना जास्तीची तपासणी द्यावी का, यावर इथल्या सरकारी तज्ज्ञ समितीनं २०२४मध्ये पुरावा अपुरा आहे असं म्हटलंय. तिचे डॉक्टर त्याच्याच आधारे बोलत असतील. अगदीच चूक नाहीत.

चूक आहे ती गेल मॉडेलच्या बाबतीत. त्यात आई, बहीण, मुलगी एवढीच नाती मोजतात. मावशी त्यात नाहीच, आणि डेन्सिटीही नाही! तिला सांग, ‘टायरर-क्युझिकवर काढून द्या’ असं म्हण. ते धोका मोजायचं दुसरं मॉडेल, त्यात दोन्ही धरतात. आयुष्यभराचा धोका २० टक्क्यांच्या वर आला तर एमआरआयची शिफारस असते, मग विम्याशीही भांडता येतं. शिवाय बॉस्टन विद्यापीठानं खास कृष्णवर्णीय बायकांच्या माहितीवरून बनवलेलं कॅल्क्युलेटरही आहे. १९९५पासून ५९,००० बायकांची माहिती गोळा केलीय त्यांनी. आणि रक्ताच्या जवळच्या नात्यात कुणाला ट्रिपल निगेटिव्ह झाला असेल, तर तेवढंही जनुकीय तपासणी मागायला पुरेसं असतं. माझ्या मते पहिलं काम तेच.

एक अजून. हाताला कडक लागतात म्हणजे डेन्स, असं नसतं. ते फक्त फिल्मवर दिसतं. डेन्स भाग पांढरा, गाठही पांढरीच. दह्यात लोण्याचा गोळा शोधावा तसं.

धागाकर्ती: प्राजक्ता, खूप आभार. आज वन्संना फोनपाशी बसवलं. वीस मिनिटं होल्डवर संगीत ऐकून शेवटी कळलं: सी आहे. मूळ रिपोर्टची प्रत पोर्टलवर टाकतील. डॉक्टरांची वेळ पुढच्या गुरुवारची मिळालीय. चिठ्ठीवर ‘टायरर-क्युझिक’ लिहून दिलंय, तिला ते बोलता येईना म्हणून दोघी हसत बसलो.

आता फक्त मावशीची कागदपत्रं. ट्रिपल निगेटिव्ह कुठेतरी लेखी असेल तर बरं, आणि ती फाईल असलीच तर सासूबाईंच्याच कपाटात असणार. त्यांना कुणी विचारायचं, मी की वन्संनी? ज्यांच्या घरात असं झालंय त्यांनी सांगा, तुम्ही सुरुवात कशी केली होती?