लिनक्सवर ब्लॉगसाठी काय टाकू? वर्डप्रेस की ह्यूगो?

निवडुंग: नमस्कार मंडळी. जुन्या लॅपटॉपवर उबुंटू आहे, रॅम ४ जीबी. आधी सरावापुरता त्यावरच ब्लॉग उभा करायचाय, जमलं तर पुढे सर्व्हरवर नेईन. लिखाण सगळं मराठीत. टर्मिनलची सवय आहे, डेटाबेसशी मात्र कधी गाठ पडलेली नाही. मुक्तस्रोतच हवं. काय टाकू?

खटपट्या: लिहिणार कशात, ब्राउझरमध्ये की टेक्स्ट एडिटरमध्ये? एडिटर चालत असेल तर डोळे झाकून ह्यूगो, म्हणजे साध्या मजकूर-फाइलींतून तयार वेबपानं बनवणारा प्रोग्राम. तो एकटाच पुरतो; डेटाबेस नाही, पीएचपी (वर्डप्रेस जिच्यात लिहिलंय ती भाषा) नाही. मार्कडाउनमध्ये (साध्या खुणांनी मजकूर सजवायची पद्धत) लिहायचं, ब्राउझरमध्ये 'लोकलहोस्ट'च्या (म्हणजे आपल्याच लॅपटॉपच्या) १३१३ पोर्टवर लगेच दिसतं. नवा लेख सहसा मसुदा म्हणून तयार होतो, त्यामुळे तो दिसला नाही तर शोधाशोध नको. ह्यूगोचा लॅपटॉपवरचा सर्व्हर चालू करताना कॅपिटल 'डी'चा पर्याय द्या, म्हणजे मसुदेही दिसतात.

निवडुंग: प्रतिक्रिया हव्यातच हो. त्याशिवाय लिहायला मजा नाही.

जुना खेळाडू: ह्यूगोत प्रतिक्रिया साठवायची स्वतःची सोय नाही, मग वर्डप्रेस. त्यात ब्राउझरमधूनच लिहायचं, लेख आणि प्रतिक्रिया डेटाबेसमध्ये राहतात. २००३ पासून आहे, कुठेही अडलात तरी उत्तर सापडतं. (घोस्ट हा ब्लॉगचा आणखी एक प्रोग्राम देखणा आहे, पण सर्व्हरवर त्याला नोड (जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) आणि मायएसक्यूएल ८ (डेटाबेस) लागतं. सुरुवातीलाच नको.)

अपाची (वेब सर्व्हर), मारियाडीबी (मायएसक्यूएलसारखाच डेटाबेस), पीएचपी आणि पीएचपीला डेटाबेसशी जोडणारं मायएसक्यूएल एक्स्टेन्शन 'ॲप्ट'ने, म्हणजे उबुंटूच्या पॅकेज बसवायच्या कमांडने, घ्या. वर्डप्रेस मात्र मूळ साइटवरूनच उतरवा. 'ॲप्ट'वाल्या पॅकेजमध्ये फाइली भलत्याच ठिकाणी विखुरलेल्या असतात आणि नेटवरच्या सूचनांशी काही जुळत नाही. डेटाबेससाठी वेगळा युजर करा, रूट वापरू नका. कॅरेक्टर सेट (अक्षरं साठवायची पद्धत) 'यूटीएफ८एमबी४' ठेवा, म्हणजे देवनागरी आणि इमोजी दोन्ही नीट राहतात.

सगळं करूनही अपाचीचं स्वागताचं पानच दिसलं तर अपाची जिथून पानं दाखवतं त्या फोल्डरातली 'इंडेक्स डॉट एचटीएमएल' उडवा. ती असेपर्यंत अपाची 'इंडेक्स डॉट पीएचपी'कडे बघतच नाही.

निवडुंग: चाललं! पण प्लगइन (वर्डप्रेसची जोड-सोय) टाकायला गेलो की एफटीपीचा (फाइली पाठवायच्या पद्धतीचा) पासवर्ड मागतंय. एफटीपी तर मी बसवलेलंच नाही.

जुना खेळाडू: फाइली तुमच्या किंवा रूटच्या नावावर आहेत, अपाचीला तिथे लिहिता येत नाही, म्हणून तो फॉर्म येतो. 'सीएचओन' या मालक बदलायच्या कमांडने वर्डप्रेसचं सगळं फोल्डर 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा'च्या, म्हणजे अपाची ज्या युजरने चालतं त्याच्या, नावावर करा. कुणी ७७७ (म्हणजे कुणालाही काहीही बदलायची) परवानगी द्यायला सांगेल, अजिबात देऊ नका. फोल्डरांना ७५५, फाइलींना ६४४ पुरे.

खटपट्या: आणखी एक, मराठीत लिहिणार म्हणून. शीर्षकावरून आपोआप बनणारा लेखाचा पत्ता वर्डप्रेस २०० कॅरेक्टरांत बसवतं आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह त्यात ९ जागा खातं. काना-मात्रे धरून २२ चिन्हांनंतर पत्ता तुटतो. तो हाताने छोटा करत जा.

निवडुंग: अच्छा, म्हणून अर्धवट दिसत होता! सर्व्हरवर नेताना काय सांभाळू?

जुना खेळाडू: डेटाबेसमध्ये सगळीकडे 'लोकलहोस्ट' लिहिलेलं असेल. ते साध्या एसक्यूएलने (डेटाबेसच्या आज्ञांनी) बदलू नका, काही सेटिंग्जमध्ये मजकुराची लांबीही साठवलेली असते, ती चुकते. 'डब्ल्यूपी-सीएलआय' या टर्मिनलवरून वर्डप्रेस हाताळायच्या साधनाचं 'सर्च-रिप्लेस' वापरा, आधी 'ड्राय-रन' लावून, म्हणजे काही न बदलता काय बदलेल ते दिसतं.