अंगारा गाडीत बसूनही लावता येतो
दादा, साप चावल्यावर देवळात नेऊन लिंबाचा पाला खाऊ घातला की माणूस बरा होतो, मग भरवसा कमी का करायचा, असं तुमचं म्हणणं. भरवसा असू द्या. पण पाला कडू लागला नाही म्हणजे विष चढलं, ही परीक्षा खोटी. तिथं बरी होणारी माणसं बहुतेक बिनविषारी धामण-दिवडाने चावलेली असतात, नाहीतर नागाने दात लावूनही विष सोडलेलं नसतं.

खरा घात मण्यारीचा. रात्री खाली झोपलेल्याला चावते. दुखत नाही, सूज नाही, खूण मच्छर चावल्याएवढी. पहाटे पोट दुखतं, मग पापण्या उघडत नाहीत, थुंकी गिळवत नाही, शेवटी श्वास अडतो. लोक याला अपचन समजून ओवा देत बसतात!

चावलेल्या हातापायाला फळी लावा, हलू देऊ नका. अंगठी, जोडवी काढा. सुतळीने करकचून आवळू नका, घोणस असेल तर पाय सडतो. ब्लेड तर मारूच नका. घोणशीच्या विषाने रक्त गोठत नाही, वाहतच राहतं. दवाखान्यात कोरड्या काचेच्या नळीत 20 मिनिटं रक्त ठेवून हेच पाहतात. 108 ला फोन करतानाच सापाच्या विषावरची लस आणि व्हेंटिलेटर कुठे आहे ते विचारा. या लसीच्या सुरुवातीलाच 8 ते 10 कुप्या लागतात.

अंगारा वाटेत लावा, कोण नाही म्हणतं? फक्त मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपा, आणि रात्रीच्या लाइनीवर ओलिताला जाताना बूट अन् बॅटरी घ्या.